नजमुद्दीन उकयेचा घोडा आणि कुरडूचं गाणं

नजमुद्दीन उकये हा गाण्यातला मोठा दर्दी आहे, हे मुरुडात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. कारण ते नजमुद्दीनने स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं.

घराणं सुपारी-नारळाच्या व्यापारातलं. तरुणपणी तो काही वर्षं मुंबईला, भेंडीबाजारात, पेढी सांभाळायला राहिला होता. तिथे त्याच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कुणी एक बाई गायची. नजमुद्दीनने तिला कधी पाहिलं नाही. भिंतीला कान लावूनच त्याचं संगीताचं शिक्षण पार पडलं. मुरुडला कायमचा परतल्यावर तो ही हकीकत सांगू लागला तेव्हा गोष्टीत ती भिंत होती. पुढच्या वर्षी ती पडली. त्याच्या पुढच्या वर्षापासून ती बाई नजमुद्दीनला विचारल्याशिवाय तंबोरा लावीनाशी झाली.

मुंबईहून त्याने कर्ण्याचा फोनो आणला होता. संध्याकाळी ओट्यावर गालिचा पसरून तो फोनोला चावी द्यायचा, शेजारीपाजारी जमायचे, आणि तबकडीवरचा गवई समेवर यायच्या जरा आधीच नजमुद्दीन मान हलवून म्हणायचा, "वाह!" आधी अशासाठी, की गवई कुठे जाणार हे आपल्याला त्याच्याही अगोदर कळतं हे लोकांना दिसावं. गवई बिचारा मुंबईला, कदाचित कबरीतही असेल. ती दाद त्याच्यापर्यंत पोचण्याची सोय नव्हती. पण शेजाऱ्यांपर्यंत पोचत होती, आणि पोचवायचीही तिथेच होती.

"दर्दी आहेत खरे," त्याची बायको महेरुन्निसा म्हणायची. "दोन्ही गुडघ्यांत दर्द आहे."

महेरुन्निसा बोर्ली पंचतनची. माहेरी असताना लग्नघरात हळदीला तिच्या गळ्याशिवाय चालत नसे. उकयांच्या घरात आल्यावर नवऱ्याने तिला समजावलं, की ही अडाणी गाणी दर्दी माणसाच्या घरात शोभत नाहीत. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात फक्त भांड्यांचा आवाज करीत असे, आणि तो बऱ्यापैकी मोठा असे.

सन एकतीसच्या सुमाराला शेजारच्या शब्बीर मुकादमाने पितळी दिव्यांचा टांगा घेतला. आता शेजाऱ्याने टांगा घेतल्यावर माणसाने काय करावं? नजमुद्दीन मुंबईला गेला आणि अरबी घोडा घेऊन आला. बसऱ्याहून आलेला, राखाडी रंगाचा, मानेला असा बाक की पाहत राहावं. विकणाऱ्या अरबाने घोड्याबरोबर त्याची निगा राखणारा मोतद्दारही देऊ केला, आणि तो देताना त्याचा चेहरा फार प्रेमळ झाला होता. न मागता काही देणारा व्यापारी कसा असतो हे व्यापाऱ्याच्या पोराला तरी कळायला हवं होतं; पण नजमुद्दीनला ती आपल्या रुबाबाला दिलेली दाद वाटली.

मोतद्दार उंच, रुंद, मिशीवाला, कमरेला हातभर कापडाचे वेढे गुंडाळलेला. मुरुडात उंच मिशीवाल्या परक्या माणसाला काबुली म्हणायची रीत होती, तशी त्यालाही हाक पडली. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "काबुली नहीं. कुर्द." लोकांनी ऐकलं कुरडू. पावसाळ्यात बांधावर उगवतं, ज्याची भाजी करतात, ते कुरडू. एवढ्या थोरल्या माणसाला पालेभाजीचं नाव का असावं याचा कुणी विचार केला नाही. त्याचं खरं नाव हमा. तो बसऱ्याच्याही पलीकडच्या, बर्फ पडणाऱ्या डोंगरांतला मेंढपाळ. तिकडल्या कुठल्याशा मारामारीत मेंढरं गेली, मग पोट भरायला तो खाली उतरला, घोड्यांबरोबर आगबोटीत चढला आणि थेट भेंडीबाजारात उगवला.

नजमुद्दीनने घोड्याचं नाव ठेवलं सुलतान. हमा त्याला 'बोज' म्हणायचा. त्याच्या भाषेत राखाडी जनावराला तसंच म्हणतात. महेरुन्निसाला ते 'बोझ' ऐकू आलं आणि तिने तेच कायम केलं. घरात शिरलेल्या या ओझ्याला दुसरं नाव तिला सुचलंच नसतं.

अरबाच्या प्रेमळ चेहऱ्याचा अर्थ पहिल्याच संध्याकाळी कळला. घोडा चंदीच्या दाण्याला तोंड लावेना. नजमुद्दीनने चुचकारलं, गूळ दिला, शेवटी फारसीतला एक शेर ऐकवला. घोड्याने मान फिरवली. मग हमा पुढे झाला. त्याने घोड्याच्या मानेला गाल लावला, एक हात स्वतःच्या कानावर ठेवला आणि डोळे मिटून एक लांबच लांब हाळी दिली: "लो... लो..." समोरच्या डोंगरावरच्या माणसाला बोलवावं तशी. हाळी संपली, क्षणभर तो थांबला, आणि मग सुपातून तांदूळ सांडावेत तसे शब्द भराभर सांडू लागले; पुन्हा थांबले, पुन्हा तीच हाळी. घोड्याने चंदीत तोंड घातलं. हमा गात होता तोवर तो खात होता.

"या अल्ला," नजमुद्दीन म्हणाला, "हे काय रडगाणं!"

त्याने मान्यवर श्रोत्यांना बजावून सांगितलं, की हे संगीत नव्हे. याला ठेका नाही, तबला नाही, सम नाही. गुरं हाकताना येसाजी धनगर ओरडतो त्यातलाच हा प्रकार. तबेल्यातून हाळी उठली की तो फोनोची चावी जोराने फिरवायचा. पण लोक मोठे कृतघ्न. ओट्यावर गालिचा, वर पानसुपारी, तरी एकेक जण पाय मोकळे करायच्या निमित्ताने उठायचा आणि मागल्या अंगणात तबेल्याशी जाऊन उभा राहायचा. कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतताना कुंपणापाशी थांबायच्या. स्वयंपाकघरातली भांडी तेवढा वेळ गप्प असायची. हे नजमुद्दीनच्या लक्षात आलं नाही. दर्दी माणसाला शांतता ऐकू येत नसते.

अशी दोनेक वर्षं गेली. मग बोर्लीला महेरुन्निसाच्या भाचीचं लग्न निघालं. शब्बीर टांगा घेऊन येणार हे कळल्यावर नजमुद्दीनने ठरवलं की आपण बोर्लीत घोड्यावरून शिरायचं. त्याला घोड्यावर बसता येत नव्हतं ही अडचण किरकोळ होती. हमा लगाम धरून चालवणार होता. खरी अडचण खाडी होती. अगरदांड्याहून दिघीला घोडा न्यायचा तर पडावातून, म्हणजे शिडाच्या होडीतून. महेरुन्निसा चार दिवस आधीच माहेरी गेली होती, त्यामुळे त्याला अडवायलाही कुणी नव्हतं.

पडावाचा तांडेल दादू कोळी. त्याने घोड्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"शेट, ववटी लागलीय. उद्या सकाळच्या भरतीला जावा."

"लग्न आज आहे," नजमुद्दीन म्हणाला. "ओहोटीला सांग थांबायला."

ओहोटी काही थांबली नाही. खाडीच्या मध्यावर वारा पडला, शीड फडक्यासारखं लोंबलं, आणि पडाव दिघीला जायचं सोडून जंजिऱ्याच्या दिशेने, उघड्या दर्याकडे ओढला जाऊ लागला. दादू आणि त्याचा भाऊ नामा वल्ह्यांवर ओणवे झाले. इतक्यात घोडा बिथरला. त्याने मागचे पाय झाडले, काठाची एक फळी फुटली, पडाव एका कुशीवर झुकला आणि पाणी आत आलं.

"जनावर पान्यात ढकला!" दादू ओरडला. "न्हायतर समदे बुडू!"

नजमुद्दीन तेव्हा नारळाच्या पोत्यांमध्ये पालथा पडलेला होता. लग्नासाठी घातलेली किनखापी शेरवानी चिंब झाली होती आणि तो सगळ्या पीरांची नावं घेत होता, काही दोनदा. त्याचा बाप मस्कतच्या फेरीत गेला तो परतलाच नव्हता. त्यानंतर पाणी दिसलं की नजमुद्दीनला मळमळायचं. गावात मात्र त्याने पित्ताचा त्रास म्हणून सांगितलं होतं.

हमाने दादूकडे पाहिलंही नाही. त्याने घोड्याची मान दोन्ही हातांनी कवटाळली, गाल लावला, आणि हाळी दिली.

घोडा थरथरला, पण उभा राहिला. हमा गात राहिला. एरवी घोड्याची चंदी संपली की गाणं संपे. आज ते संपून चालणार नव्हतं. हाळी उठायची, पाण्यावरून लांब जायची, शब्द सांडायचे, पुन्हा हाळी. वल्ही चालत होती. नजमुद्दीनला पळून जायला ओटा नव्हता, चावी फिरवायला फोनो नव्हता. तो आयुष्यात पहिल्यांदा गाणं ऐकत होता.

आधी सवयीने त्याने सम शोधली. सापडली तर दाद देता येईल, दाद दिली तर धीर येईल. सम कुठेच नव्हती. हाळी आपल्याच श्वासाएवढी लांब, थांबणं आपल्याच मनाएवढं. कुणाला तरी बोलावलंय आणि आता उत्तराची वाट बघतोय, असं ते थांबणं. त्या थांबण्यात नजमुद्दीनला आपली आई दिसली. गलबत परतायची वेळ टळून गेल्यावर ती मागल्या दारी दर्याकडे तोंड करून उभी राहायची आणि काहीतरी म्हणायची. ते गाणं नव्हतं. मोठ्याने बोलणंही नव्हतं. थोडं म्हणायची आणि थांबायची. लहानपणी त्याला त्या थांबण्याची भीती वाटायची, म्हणून तो घरात पळून जायचा.

पडाव दिघीला लागायला दुपार कलली. दादूने हात धरून त्याला उतरवलं. "शेट, वाचलो बगा," तो म्हणाला. "काय गला हाय या कुरडूचा!"

शेटनी मान हलवली. डोळे पुसायला घेतलेली बाही खाऱ्या पाण्याने आधीच भिजलेली होती, हे त्यांचं नशीब.

बोर्लीत तो घोड्याच्या मागून, पायी, चिखलाच्या शेरवानीत शिरला. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने कुणालाही काही समजावून सांगितलं नाही. सासुरवाडीच्या लोकांनी काळजीने हकीमाला बोलावणं धाडलं.

पण प्रकृती सुधारली. मुरुडला परतून आठवडाही झाला नव्हता, तोच नजमुद्दीन कुर्दी संगीतातला या किनाऱ्यावरचा एकमेव जाणकार झाला. कालपर्यंतचं रडगाणं आता 'खास सूफी चीज' झालं. हाळी म्हणजे रूहची अल्लाला हाक, मधलं थांबणं म्हणजे फना, त्याच्यात विरून जाणं. त्याने थेट मैफलच भरवली. संस्थानचे दोन अंमलदार, निवृत्त हेडमास्तर, पितळी दिव्यांच्या टांग्यातून शब्बीर मुकादम. गालिचा झटकला, गुलाबपाणी शिंपडलं, हमाला नवा सदरा दिला आणि ओट्यावर मधोमध बसवलं.

हमाने मान वळवून तबेल्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मालिक, घोडा?"

"घोड्याचं काय?"

"किस के लिए गाना?"

शेवटी घोडा ओट्यापाशी आणावा लागला. हमा उतरून त्याच्याजवळ उभा राहिला, पाहुण्यांकडे पाठ करून, आणि गायला. नजमुद्दीन प्रत्येक थांबण्यात अर्थ सांगत होता, म्हणजे थांबणं असं उरलंच नाही. अंमलदार चुळबुळत होते, हेडमास्तर राग ओळखायच्या प्रयत्नात एकेक स्वर बोटांवर मोजत होते, आणि शब्बीर मध्येच विचारी, "तबलजी यायचा आहे का?" सगळ्या मैफलीत मन लावून ऐकणारा एकच होता आणि त्याला चार पाय होते. गाणं रंगात आलं तेव्हा त्याने मान लांब करून हेडमास्तरांच्या पगडीचा सुटा पदर मनापासून खाल्ला.

पाहुणे गेल्यावर महेरुन्निसा माजघराच्या दारात आली.

"ते अल्लाचं नाही," ती म्हणाली.

"काय अल्लाचं नाही?"

"गाणं. एका बाईचं आहे. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन सगळे डोंगरावर जातात. हिचा नवरा लढाईवर गेलाय. ती म्हणते, मी दही लावलंय, वाढू कुणाला? रोज लावते, रोज आंबट होतं. एवढंच आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी विचारलं," महेरुन्निसा म्हणाली. "तुम्ही फोनो लावलेला असायचा तेव्हा. मी मागल्या दारातून विचारायची, तो घोड्याला खरारा करता करता सांगायचा. दह्याचा त्याचा शब्द मला कळेना, तेव्हा त्याने वाडग्यात बोट घालून दाखवलं. दोन वर्षं झाली."

नजमुद्दीन वाद घालणार होता. फना, रूह, सगळं तोंडाशी आलं होतं. पण दही आंबट होतं या वाक्यापाशी तो अडखळला, आणि मग बराच वेळ गालिच्याची घडी घालत बसला. इतकी वर्षं ती घडी गडी घालत असे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर खजुराचं एक गलबत मुरुडला लागलं. त्यावर हमाच्या मुलखाकडचा एक खलाशी निघाला. दोघे तबेल्यापाशी बसून दिवसभर बोलले आणि संध्याकाळी हमाने मालकापुढे हात जोडले. तिकडली मारामारी मिटली होती. त्याला घरी जायचं होतं.

नजमुद्दीनने पगार वाढवला, पलंग दिला, आणि तरी जमेना तेव्हा आपल्याकडे माणूस अडकवायचा जो एकमेव उपाय माहीत आहे तो काढला: लग्न. दिघीच्या एका गरीब घरातली मुलगी सुचवली.

हमा लाजला. "औरत है," त्याने डोंगराच्या उंचीचा हात करून सांगितलं. "वहाँ."

"जाऊ द्या त्याला," महेरुन्निसा आतून म्हणाली. "ती दही लावून बसली असेल."

हमा गेला. जाताना तो घोड्याच्या कानात बराच वेळ काही बोलला, आणि नजमुद्दीनची गळाभेट घेतली ती अशी, की पाठीत कळ आली. गलबत दिसेनासं होईपर्यंत नजमुद्दीन काठावर उभा होता. मळमळ झाली नाही.

त्या संध्याकाळी घोड्याने चंदी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नजमुद्दीनने फोनो तबेल्यात नेला आणि आपल्या सगळ्या उत्तम तबकड्या एकामागून एक लावल्या. घोड्याने कर्ण्याकडे पाठ फिरवली आणि शेपटी उचलून जी दाद द्यायची ती दिली. मग उपायच उरला नाही. ज्याने उभा जन्म दुसऱ्याच्या गाण्याला वाह म्हणण्यात घालवला, त्या माणसाने इकडेतिकडे पाहून, कानावर हात ठेवून, स्वतः तोंड उघडलं.

"लो..."

हाळी कुंपणापर्यंतही गेली नाही. खोकला लागला. कुंपणापलीकडून शेजारीण गोदू ओरडली, "शेट, वासराला काय चावलं काय?" घोडा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती नजर नजमुद्दीनने ओळखली, तबकडीवरचा गवई बेसूर लागला की तो स्वतः तसाच पाहायचा.

तेव्हा मागलं दार उघडलं. महेरुन्निसा पदराला हात पुसत आली, घोड्याच्या गळ्यावर हात ठेवला, आणि म्हणू लागली. शब्द हमाचे होते की तिने वाटेत बदललेले, देव जाणे; हाळी मात्र तीच. भरलेली, लांब जाणारी, आणि मग तिथेच थांबून राहणारी. इतक्या वर्षांच्या संसारात नजमुद्दीनने हा आवाज ऐकला नव्हता, कारण त्यानेच तो बंद करून ठेवला होता. घोड्याने चंदीत तोंड घातलं.

"आधी पोटात श्वास घ्या," घोड्याचं खाऊन झाल्यावर ती म्हणाली. "आणि थांबलात की थांबा. लगेच पुढचं म्हणायची घाई नको. कुणी तुमच्याकडे बघत नाहीये."

ही शेवटची गोष्ट शिकायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण शिकला. पुढली काही वर्षं एक दिवस ती, एक दिवस तो, असं घोड्याचं जेवण चाले. आवाज त्याचा कधीच सुधारला नाही. मुंबईचा कुणी पाहुणा आला आणि रागाविषयी बोलू लागला की नजमुद्दीन आता म्हणायचा, "मला त्यातलं काही कळत नाही बुवा." आणि हे तो इतक्या अभिमानाने आणि इतक्यांदा सांगे, की लोकांना जुना नजमुद्दीन बरा वाटायला लागला.

महेरुन्निसाही पुन्हा बोर्लीच्या लग्नांत गाऊ लागली होती. तिने दह्याचं गाणं आपल्या बोलीत बसवलं. डोंगराच्या जागी दर्या आला, मेंढरं गेली, नवरा आफ्रिकेच्या बोटीवर चढला. बायकांना ते आवडलं. हळदीत म्हटलं जाऊ लागलं, मग दळणावर, मग श्रीवर्धनपर्यंत.

सदतीस साली ती दोघं बोर्लीला एका लग्नाला गेली होती. मांडवात दुपारी पुरुषमंडळी पान खात बसलेली, आतून बायकांचं गाणं येत होतं. नजमुद्दीनने ओळखलं आणि आपसूक तोही हलक्या आवाजात म्हणू लागला. पाण्याचा घडा घेऊन जाणारी एक म्हातारी, रहिमुन्निसा तिचं नाव, थबकली.

"चुकतंय तुमचं, बाबा," ती म्हणाली.

"चुकतंय?"

"दही आंबट झालं म्हणताना आवाज खाली यायला हवा. तुम्ही वर नेताय. आमचं जुनं गाणं हाय हे, आमच्या आजीपासूनचं. मुरुडच्या मानसांना कुठनं येनार?"

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला शब्बीर मुकादम कान टवकारून बसला होता. नजमुद्दीनकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पडाव, ओहोटी, हमा, बर्फाचे डोंगर.

"मग दाखवा कसं ते," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी बाकावर सरकून जागा केली.

तिने घडा खाली ठेवला.